आत्याचं वाक्य संपेपर्यंत

भिंगरीच्या आत्याचं तोंड म्हणजे तोफखाना, असं तिच्या पाठीमागे सगळे म्हणायचे आणि तोंडावर आत्या स्वतःच म्हणायची. शहराच्या मोठ्या बसस्थानकावर ती घोषणा करायला होती. काचेची खोली, समोर मायक्रोफोन, खाली फलाटच फलाट आणि माणसांचा हा गोंधळ! कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा आहे, हे सांगणं एवढंच तिचं काम. पण एवढ्यावर थांबेल ती आत्या कसली? "निळ्या शर्टातले गृहस्थ, तुमची गाडी तिकडे नाही, इकडे आहे. मागे काय बघताय? तुम्हीच." हे असं सगळ्या स्थानकाला ऐकू जायचं. ते गृहस्थ लाजेने लाल व्हायचे खरे, पण बरोबर गाडीत बसायचे. गाडी चुकल्याची तक्रार घेऊन आत्याकडे कधी कोणी आलं नाही. टोमणा मारला म्हणून तक्रार घेऊन मात्र बरेच यायचे, आणि आणखी एक टोमणा घेऊन परत जायचे.

मग आत्याच्या घशाला दुखणं झालं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला आणि मग डोळे पुसून म्हणाला, "ताई आहे ना? बास. बाकी काही मागायचं नाही." आत्या तेव्हापासून भिंगरीच्याच घरी राहायला आली, आणि बाबाने आपल्या चष्म्याच्या दुकानातला जुना लॅपटॉप तिला आणून दिला. हा लॅपटॉप म्हणजे एक नमुनाच होता. सुटकेसएवढा जड, बॅटरी केव्हाच मेलेली, वायर काढली की डोळे मिटणार. त्यात आत्या टाईप करायची आणि तो वाचून दाखवायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा, नाकातून. पण आत्याने त्याला आपल्या हाताने असा काही घडवला, की बघत राहावं. तिने छोटी छोटी अक्षरं ठरवून ठेवली होती. 'बु' मारलं की लॅपटॉप म्हणायचा, "बोलतोयस की बुडबुडे सोडतोयस?" 'तों' मारलं की, "तोंड उघड की, दात मोजत नाहीये कोणी." आणि सगळ्यात जास्त वापरलं जायचं ते 'थां'. "थांबा. माझं वाक्य संपलेलं नाही."

कारण घरात सगळ्यांना सवयच लागली होती. आत्या 'पा' टाईप करायला लागली की बाबा धावत पाणी आणायचा, आणि आत्याला म्हणायचं असायचं, "पायपुसणं कोणी उलटं टाकलंय?" भिंगरी तर शेवटचा शब्द स्वतःच बोलून टाकायची, क्विझमध्ये बझर दाबल्यासारखी. मग 'थां'.

अडचण एकच होती. आत्या भिंतीतल्या प्लगपाशी बोलकी आणि बाकी जगात मुकी. दुकानात गेली की दुकानदार तिच्याशी ओरडून ओरडून बोलायचा, जणू आवाजाबरोबर कानही गेलेत. आत्या घरी येऊन टाईप करायची, "त्या ढोल्याला सांगा, मी बहिरी नाही. अजून काही दिवस असाच ओरडला तर मात्र होईन."

म्हणून एका रविवारी आई आणि बाबांनी मिळून तिच्यासाठी नवा टॅबलेट आणला. पातळ, हलका, गळ्यात अडकवायला पट्टा. आत्याने तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने डोळे पुसले आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. तिच्या भाषेत ते "फार आभारी आहे" होतं.

"सेट मी करणार!" भिंगरी ओरडली.

तर आता भिंगरीबद्दल सांगायला हवं. भिंगरी नववीत. मागच्या वर्षापर्यंत वर्गात उभं राहून हजेरी द्यायलाही घाबरणारी. यंदा मात्र काय झालं कोण जाणे, शाळेचा प्रोजेक्टर बंद पडला आणि तिने तो सगळ्यांसमोर चालू करून दाखवला, आणि त्या दिवसापासून तिला पंखच फुटले. सर तिला बोलवायचे, मुख्याध्यापिका बोलवायच्या, शिपाईकाकासुद्धा आपला मोबाईल घेऊन यायचे. भिंगरी हे नाव आत्यानेच ठेवलेलं, लहानपणी ती एका जागी बसायची नाही म्हणून. आता ती जागेवर बसत नव्हती ती कौतुकाने.

टॅबलेट प्रश्न विचारत गेला आणि भिंगरी हिरवं बटण दाबत गेली. तुमच्यासाठी शब्द सुचवू का? हो. वाक्य पूर्ण करू का? हो. आधीच्या लिखाणावरून तुमची शैली शिकून घेऊ का? हो, हो, शीक बाबा, शिकण्यासारखी चांगली गोष्ट नाही! हिरवं बटण मोठं, ठसठशीत. 'नको' मात्र कोपऱ्यात, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. मध्येच त्याने खातं मागितलं. आत्याचं खातं नव्हतंच. नवीन काढायचं म्हणजे दहा गोष्टी भरा. आईचा पासवर्ड भिंगरीला तोंडपाठ होता. टाकला. झालं! चहा गाळून होईपर्यंत टॅबलेट तयार.

"बघ," भिंगरी म्हणाली, "आता तुला सगळं टाईप करायलाच नको. तू सुरुवात कर, बाकीचं तोच करतो."

आणि खरंच तोच करायला लागला.

पहिल्या दिवशी आत्या रस्त्यात बोलली. रस्त्यात! ढोल्या दुकानदारासमोर उभं राहून तिने दोन शब्द टाईप केले, खाली तयार वाक्य आलं, तिने त्यावर बोट ठेवलं आणि टॅबलेट मधाळ आवाजात म्हणाला, "आपल्याला वेळ असेल तेव्हा बघा, काही घाई नाही." दुकानदार ओरडायचा थांबला. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किती गोड बोलतात हो तुमच्या ताई! आजारपणाने माणूस निवळतं, खरंच." बाबा खूश. भिंगरी तर इतकी खूश, की शाळेत प्रत्येकाला सांगून आली.

आत्या खूश होती का? पहिले काही दिवस होती. ती भिंगरीला घेऊन उगाचच बागेत फिरायची, वाटेत भेटेल त्याला हवापाण्याचं विचारायची. मग हळूहळू तिची बोटं संथ झाली. ती टाईप करायला लागायची, खाली तीन वाक्यं हजर व्हायची, ती त्यांच्याकडे बघायची, आपलं काय म्हणायचं होतं ते जणू विसरायची, आणि त्यातलंच एक दाबायची. जेवताना कोणी बोललं की "अगदी बरोबर आहे आपलं" म्हणायची. भिंगरीला वाटलं, दमली असेल.

तेवढ्यात स्थानकावरून निरोप आला.

झालं होतं असं, की आत्या गेल्यावर स्थानकात घोषणांचं यंत्र बसवलं होतं. एकदम सोयीचं. वेळापत्रक त्याला कळतं, गाडी आली की तेच बोलतं. पण ते सगळं एकाच सुरात बोलायचं, आणि लोकांनी त्याच्याकडे कान देणंच सोडून दिलं होतं. माणसं रोज चुकीच्या गाडीत बसत होती. म्हणून आता पुन्हा माणसं घ्यायची ठरलं होतं, दोघं नवशिके आलेही होते, आणि त्यांना शिकवायला स्थानकप्रमुख मॅडमना आत्या हवी होती.

"एकदा तासभर शिकवून दाखवा," मॅडमनी कळवलं होतं. "मला तुमच्याबद्दल शंका नाही, पण वरच्यांना आहे. ज्यांना आवाज नाही त्या बोलायला कशा शिकवणार, असं विचारतात."

आत्याने तो निरोप इतक्यांदा वाचला की स्क्रीन पुसून जायची पाळी आली. त्या दिवशी तिने आपली कामावरची साडी कपाटातून काढून इस्त्रीला दिली. आजारपणानंतर पहिल्यांदा. काम गेल्यापासून आत्या घरात कपबशी ठेवतानाही आवाज करत नसे, जणू जागा कमी व्यापावी म्हणून. त्या संध्याकाळी तिने भांडी दणादणा आदळली. आईने बाबाकडे बघितलं आणि दोघं हसले.

भिंगरी तिच्यासोबत गेली. काचेची खोली तिने आयुष्यात पहिल्यांदा आतून बघितली. मायक्रोफोन, बटणांची लांब पट्टी, खिडकीला नाक लावलं की सगळे फलाट दिसतात. दोघं नवशिके उभे होते. एक उंच पोरगा, घाबरून पार काडी झालेला, आणि एक मुलगी, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, केसांना दोन क्लिपा. मॅडम हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी टेकून उभ्या राहिल्या.

"करा सुरू," मॅडम म्हणाल्या.

उंच पोराने घोषणा केली. ओठ जेमतेम हलले. आत्याच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. भिंगरीने ओळखलं, आता 'तों' येणार! पण नव्या टॅबलेटमध्ये 'तों' कुठून असणार? तो तर लॅपटॉपातच राहिला होता. आत्याने टाईप केलं, "तोंड". सगळे तिच्याकडे बघत होते. खाली पटकन वाक्य आलं. तिने घाईत बोट ठेवलं.

"तोंड पूर्ण उघडा," टॅबलेट मधाळपणे म्हणाला. "अजिबात घाबरू नका, काही दुखणार नाही."

पोराने तोंड उघडलं. पूर्ण. आ वासून तसाच उभा राहिला. क्लिपावाल्या मुलीला हसू आवरेना. मॅडमच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या. आत्या खोडायला गेली, तिचा अंगठा चुकून खालच्या वाक्यावर पडला, आणि टॅबलेट पुढे म्हणाला, "आपण आता चूळ भरून घ्या."

नंतरचा तासभर भिंगरीला आठवायचासुद्धा नको वाटतो. आत्याने सावरायचा प्रयत्न केला, पण जितकी घाई करावी तितकी ती तयार वाक्यं बोटाखाली येत गेली. "छान." "हरकत नाही." "पुढच्या वेळी नक्की जमेल." शेवटी दोघं नवशिके खिडकीतून गाड्या बघत बसले.

मॅडम तिला दाराबाहेर घेऊन गेल्या. वाईट बोलल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "ताई, गोड बोलणारं यंत्र आमच्याकडे आहे की. ते आहे म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं." त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवला. "शुक्रवारी परत या. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही नाही."

घरी येऊन आत्याने टॅबलेट कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतलं. साडीची घडी केली. भिंगरीने लॅपटॉपची वायर लावून दिली, तरी ती त्यापाशी गेली नाही. ती खिडकीत बसून राहिली, आणि आत्या गप्प बसली की घर किती मोठं वाटतं ते भिंगरीला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आई कामावरून आली. आई दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. रोग्यांना वेळ देणं, निरोप पाठवणं, घाबरलेल्यांना धीर देणं, हे तिचं काम. भिंगरीने तिला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं, रडकुंडीला येऊन.

"काय म्हणाला तो टॅबलेट?" आईने भाजी चिरायची थांबवली.

"तोंड पूर्ण उघडा, काही दुखणार नाही."

"आणि मग?"

"चूळ भरून घ्या."

आईने सुरी खाली ठेवली. "अगं, हे तर माझं वाक्य आहे! खुर्चीत बसल्यावर काय करायचं, ते रोज सकाळी मी रोग्यांना लिहून पाठवते!"

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आईचं खातं. आधीच्या लिखाणावरून शिकू का? हो, हो, शीक बाबा. तो शिकला होता, मन लावून शिकला होता. आईने दवाखान्यातून याच खात्यावरून पाठवलेला प्रत्येक निरोप.

"म्हणजे इतके दिवस," भिंगरी हळूच म्हणाली, "आत्या तुझी वाक्यं बोलत होती?"

आई आधी खो-खो हसली, अगदी ओट्याला धरून. "तरीच! लग्न होऊन या घरात आल्यापासून ताई मला पहिल्यांदा म्हणाल्या, 'आपण बसून घ्या, फार वेळ लागणार नाही.' आणि मी बसलेसुद्धा गं! वाटलं, एवढी वर्षं वाट बघितली, आता जरा उपभोगू या." मग तिचं हसू ओसरलं. "पण खरं सांगू? परवा माझा भात करपला. ताई ताटावर बसल्या आणि म्हणाल्या, 'काळजी करू नका, असं होतं कधी कधी.' माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, दुखणं परत उलटलं की काय. करपलेल्या भातावर गप्प बसणारी माझी नणंद नव्हे."

ती हात पुसत तडक आत्याच्या खोलीत गेली. भिंगरी मागोमाग. आईने लॅपटॉप उचलून आत्याच्या मांडीवर ठेवला, वायरसकट.

"ताई, तुमच्या भाचीने तुमच्या तोंडात माझी जीभ बसवली होती," आई म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं.

आत्याने ऐकलं. आधी भिंगरीकडे बघितलं, मग आईकडे. मग तिची बोटं लॅपटॉपवर चालायला लागली, एकेक अक्षर. आई आणि भिंगरी उभ्या. कोणी पुढचा शब्द सुचवला नाही. सर्दी झालेला आवाज म्हणाला:

"तरीच मला रोज संध्याकाळी गाल दुखल्यासारखे वाटायचे. वहिनी, तुमच्यासारखं दिवसभर गोड बोलायचं म्हणजे किती कष्ट आहेत, हे आज कळलं."

आई मटकन पलंगावर बसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या भिंगरी टॅबलेट घेऊन बसली. तिने सांगून टाकलं, "अगदी सोप्पं आहे. मी सगळं पुसते, तुझं नवीन खातं काढते, लॅपटॉपातली अक्षरं एकदम उचलून इकडे टाकते. तू चहा घेईपर्यंत..."

लॅपटॉप म्हणाला, "थांबा. माझं वाक्य संपलेलं नाही."

"तू सुरूच केलं नव्हतंस!"

आत्याने टाईप केलं, "आता करते. तू बटणं दाबायची नाहीस. तू वाचून दाखवायचंस. दाबणार मी."

आणि मग जे सुरू झालं ते संपता संपेना. टॅबलेटचा प्रत्येक प्रश्न भिंगरीने मोठ्याने वाचायचा, आत्याने विचार करायचा. तुमचं बोलणं सुधारणेसाठी आमच्याकडे पाठवू का? आत्याने असं तोंड केलं, जणू कोणीतरी तिची पर्स उघडून बघायची परवानगी मागितली असावी. नको. वाक्य पूर्ण करू का? नको. त्यावर टॅबलेट म्हणाला की असं केल्याने तुमचा अनुभव तितकासा सोयीचा राहणार नाही, खात्री आहे ना?

"काळजी बघ किती आहे," आत्याने टाईप केलं. "माझ्या सासूलासुद्धा एवढी नव्हती."

भिंगरीला वाटलं होतं, आत्या सगळंच बंद करणार. पण तसं नाही झालं. चुकीचं अक्षर पडलं तर खाली रेघ मारू का? याला ती हो म्हणाली. "रेघ मार. बदलू नकोस. बदलायचं की नाही ते मी बघते." आवाज कुठला हवा? मधाळ बाई, प्रसन्न तरुणी, शांत गृहस्थ, असे बरेच होते. आत्याने प्रत्येकाकडून "बोलतोयस की बुडबुडे सोडतोयस" म्हणवून घेतलं. प्रसन्न तरुणीने ते असं म्हटलं की भिंगरी पलंगावरून खाली पडली. शेवटी एक जाडसर बाईचा आवाज ठरला, आणि आत्याने तो आणखी खाली ओढला, आणखी संथ केला, आपल्याला हवा तिथे आणून सोडला.

मग अक्षरं. ती एकदम उचलून टाकता आली असती, भिंगरीने पुन्हा पुन्हा सांगितलं. आत्याने ऐकलं नाही. एकेक नव्याने घातलं. काही टाकून दिली, कारण ती आजारपणातली होती, 'दु' म्हणजे "आज जास्त दुखतंय" वगैरे. काही नवीन केली, स्थानकासाठी. भिंगरी शेजारी बसून बघत होती आणि तिला एक गोष्ट कळत होती, जिला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं. तिने चहा गाळून होईपर्यंत सेट केलेला टॅबलेट कोणाचाही असू शकला असता. हा मात्र हरवला आणि कोणाला सापडला, तर तो माणूस पहिलं अक्षर दाबून दचकला असता.

"आत्या, हळू होईल पण," ती म्हणाली. "ते दोघं तुझ्याकडे बघत बसतील. मॅडम बघत बसतील."

आत्याने तिचा गाल ओढला. टाईप केलं, "बसू देत. बघायला फुकट आहे."

पण शुक्रवारी काचेच्या खोलीच्या दाराशी तिचा हात थंडगार होता, आणि भिंगरीने तो धरला होता म्हणूनच तिला ते कळलं.

तेच दोघं, त्याच किल्ल्या. उंच पोराने आधीच तोंड थोडं उघडून ठेवलं होतं, बिचारा. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. पोराने घोषणा केली. आवाज असा, की जणू गाडी सुटत नव्हती, सरणावर चढत होती.

आत्या टाईप करायला लागली.

खोली शांत झाली. खाली फलाटावर गाड्या मागेपुढे होत होत्या, इकडे आत्याचं बोट अक्षरं शोधत होतं. क्लिपावाल्या मुलीने पाय बदलला. मॅडमनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर झगझगीत चौकट उगवली: नवीन सोय आली आहे, आता तुम्ही दुप्पट वेगाने बोलू शकता! सुरू करू? हिरवं, मोठ्ठं 'हो'. बाजूला बारीक 'नंतर'. 'नको' नव्हतंच.

भिंगरीला ते दिसलं. तिचा हात पुढे जायला शिवशिवला. एक हो आणि ही शांतता संपली असती. आत्याच्या कपाळावर घाम होता. ती त्या हिरव्या बटणाकडे बघत होती आणि तिचं बोट हवेत होतं. भिंगरीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले.

आत्याने 'नंतर' दाबलं. मग पुन्हा आपलं वाक्य, जिथे सोडलं होतं तिथून.

जाडसर बाई म्हणाली, "अरे राजा, गाडी सुटतेय. वारली नाहीये."

मग क्लिपावाली फिस्सकन हसली, आणि पोराच्या चेहऱ्यावर आधी लाज आली, मग हसू आलं, आणि हसताना त्याचा घसा आपोआप मोकळा झाला. आत्याने मायक्रोफोनकडे बोट दाखवलं. परत. त्याने परत म्हटलं. या वेळी आवाज खोलीबाहेर गेला. खाली एका बाकावरच्या आजोबांनी मान वर केली.

पुढे आत्या फार वाक्यं बोलली नाही. बोलायला वेळच तेवढा लागत होता. पण गंमत अशी झाली, की ती टाईप करायला लागली की दोघंही गप्प होऊन वाट बघायचे, आणि इतकी वाट बघितल्यावर आलेलं वाक्य कोणाच्या कानावरून घसरत नसे. क्लिपावालीने फलाटाचा आकडा गडबडीत गिळला. आत्याने टाईप केलं, अगदी सावकाश, आणि मुलगी ओठ चावत उभी राहिली.

"आता कशी वाट बघत होतीस, काय येतंय म्हणून?" जाडसर बाई म्हणाली. "तसंच आकड्याआधी थांबायचं. लोकांना वाट बघू द्यायची. मग आकडा सांगायचा. मग विसरत नाहीत."

मुलीने केलं. गाडीचं नाव घेतलं, थांबली, आणि आकडा सांगितला. खाली फलाटावर चुकीच्या रांगेतलं एक अख्खं कुटुंब, पिशव्या, पोरं आणि छत्रीसकट, वळलं आणि बरोबर रांगेकडे धावत सुटलं. काचेच्या खोलीतले सगळे खिडकीला चिकटून बघत होते. मॅडमसुद्धा.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. मग किल्ल्या वाजवत जिना उतरून गेल्या. जिन्यात त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

बाहेर उन्हात आल्यावर भिंगरीला नाचावंसं वाटत होतं आणि ती नाचलीही, पादचाऱ्यांच्या रस्त्यावर, दोन गिरक्या. आत्या मात्र फुटपाथच्या कडेला थांबली. टॅबलेट वर धरला आणि टाईप करायला लागली. लांबलचक. माणसं दोन्ही बाजूंनी वाट काढून जात होती, एका सायकलवाल्याने घंटी वाजवली. भिंगरी गिरकी थांबवून जवळ आली. स्क्रीनमध्ये डोकावायची फार इच्छा झाली तिला. ती डोकावली नाही. समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत उभी राहिली.

"तुझ्या आईबाबांनी मला हे घेऊन दिलं, म्हणून मी घराबाहेर पडले," जाडसर बाई शेवटी म्हणाली. "त्यांचे आभार मी घरी मानीनच, धपाटा घालून. पण मघाशी तुझे हात शिवशिवले होते. मी बघितलं. तू ते मागे धरलेस. तेवढा वेळ मला फार मोठा वाटला गं, आणि तू तो मला दिलास. अशी भाची मिळायला मी काय केलं होतं, मला माहीत नाही. पण जे काही केलं असेल ते चांगलंच केलं असणार."

जिला वर्गात आता कोणी गप्प करू शकत नव्हतं त्या भिंगरीला एक शब्द सुचेना. तिने तोंड उघडलं, मिटलं.

आत्या टॅबलेट खाली धरून, अजिबात घाई न करता, ती काय म्हणते याची वाट बघत उभी राहिली.